पेच आणि पेचकस

‘पेच’ हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. ज्या लहानशा लोखंडी खिळ्याला अंगभर आटे असतात आणि माथ्यावर खाच असते तो एक पेच. आणि ज्यात सापडलेल्या माणसाला पुढची वाट दिसत नाही तो दुसरा. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ पीळ, वळसा एवढाच. पण बोलणाऱ्यांनी दोन्ही गोष्टींना एकच नाव दिले, यात त्यांचा अनुभव दिसतो. दोन्ही पेच योग्य दिशेने, बेताने वळवले तर सुटतात. आणि आडदांडपणाने वळवले तर जे सुटावयाचे तेच कायमचे रुतून बसते. हल्ली पहिल्या पेचाला सगळे स्क्रूच म्हणतात. आमची त्याला हरकत नाही. पण येथे आम्ही जुनाच शब्द वापरणार आहो, कारण आम्हांला सांगावयाची हकीकत दोन्ही पेचांची आहे.

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, आपल्याकडे आयुधांची पूजा होते. तलवार, भाला, कट्यार ही आयुधे खरीच. पण त्याच पाटावर सुताराची करवत, शेतकऱ्याचा कोयता, शिंप्याची कातर आणि अलीकडे मोटारीचा पान्हासुद्धा येऊन बसतो. शस्त्र आणि अवजार यांना एकाच बोटाचे हळदकुंकू लागते. ज्यांनी हा प्रघात पाडला त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असली पाहिजे, की अवजार नीट नसेल तर शस्त्र नीट राहत नाही. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र आपण शस्त्राचे कौतुक करतो आणि अवजाराला अडगळीत टाकतो.

बेळगावकडच्या सीमाभागातील आमच्या देवस्थानात खंडेनवमीच्या पाटावर दोन तलवारी, एक भाला आणि एक ठासणीची दुनळी बंदूक मांडण्याची चाल आहे. ठासणीच्या बंदुकीला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर चिंधीचा बोळा घालून गजाने ठासावयाची आणि मागच्या बाजूस असलेल्या लहानशा पोकळ बोंडीवर टोपी बसवावयाची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बोंडीतून दारूपर्यंत पोचते. आमच्या बंदुकीच्या नळ्यांवर बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे शिक्के आहेत. हे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. नळीत नेहमीपेक्षा अधिक दारू भरून बार काढावयाचा आणि नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का उठवावयाचा, अशी तेथील रीत. विजयादशमीला पालखी सीमोल्लंघनासाठी वेशीपाशी आली म्हणजे या बंदुकीचे दोन बार निघत. छरे न घालता, नुसत्या दारूचे. तो मान एका घराण्याकडे होता आणि परवानाही त्यांच्याच नावे होता.

२०१७ च्या दसऱ्याला उजवा बार झाला, डावा झाला नाही. टोपी फुटली, पण दारूने पेट घेतला नाही. शिवाय डावा घोडा अर्ध्यावर धरत नाही, अशी तक्रार आधीपासून होतीच. अशा बंदुकीचा घोडा मागे ओढताना दोन टप्प्यांवर थांबतो. पहिल्या टप्प्यावर तो असा अडून राहतो की चाप ओढला तरी सुटत नाही. हा अर्धा टप्पा हीच त्या काळच्या बंदुकीची राखण. ती ढिली झाली म्हणजे बंदूक माणसांत ठेवण्याच्या लायकीची उरत नाही. म्हणून ती जवळच्या बाजारगावातील एका दुरुस्तीवाल्याकडे देण्यात आली. स्टोव्ह, पंप, कुलपे, शिवणयंत्रे असे सर्व काही तो दुरुस्त करी. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची नुसती दुरुस्ती करावयालाही परवाना लागतो. तो त्याच्याकडे नव्हता, आणि तो विचारावा असे कोणाला सुचलेही नाही. ‘‘होईल की, परवा घेऊन जावा,’’ असे तो म्हणाला, आणि खरोखरच तिसऱ्या दिवशी त्याने बंदूक परत केली. नळ्या चांदीसारख्या लखलखत होत्या. सर्वांना समाधान वाटले.

पुढच्या वर्षी भाद्रपदात साफसफाईसाठी ती बाहेर काढली तेव्हा डावा घोडा अर्ध्यावर चढवून कोणी तरी हात बाजूला घेतला, आणि घोडा आपल्या आपण खाली आपटला. सभोवती मुले उभी होती. बोंडीवर टोपी नव्हती म्हणून सगळे हसले. पण जाणत्यांच्या मनात चुकचुकले. आणि परवानाधारक मानकऱ्यांनी व आम्ही मिळून ती बंदूक शहरातील एका जुन्या कारागिराकडे न्यावी असे ठरले.

हे कारागीर शिकलगार घराण्यातले. वाडवडील तलवारींना धार आणि पाणी देत. यांनी बंदुकीचे काम उचलले. वय पंचाहत्तरीच्या घरात, दुकान म्हणजे दहा फुटांची एक खोली, आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत परवाना. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणे. आम्हीही तेच म्हणू लागलो. बंदूक पाहिल्यावर त्यांनी काय बिघडले म्हणून विचारले नाही. एक गज घेतला, उजव्या नळीत तळापर्यंत सोडला, तोंडापाशी अंगठ्याने खूण धरली आणि बाहेर काढून तोच गज नळीच्या अंगाला लावून पाहिला. गजाचे टोक बोंडीपर्यंत पोचत होते. मग डाव्या नळीत तसेच केले. या खेपेस टोक बोंडीच्या चार बोटे अलीकडेच थांबले.

‘‘साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘ही भरलेली हाय.’’

गतवर्षी न उडालेला बार तसाच आत होता. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे आपला गुण टाकीत नाही. म्हणजे त्या दुरुस्तीवाल्याने भरलेली बंदूक आवळून धरून तिच्यावर हातोडा चालवला होता. आणि त्यानंतर दहा-अकरा महिने ती देवळाच्या कोठीत उभी होती, जेथे उत्सवाच्या दिवसांत लहान मुले झांजा आणावयास धावत जातात. मानकरी मटकन बाकावर बसले. चाचांनी नळीत पाणी ओतले, ते झिरपू दिले, आणि गजाच्या टोकाला पिळाचा दुहेरी आकडा बसवून तो आत फिरवला. बोळा आकड्यात गुंतला आणि बाहेर आला. मागून काळा चिखल कागदावर पडला. ‘‘पेच खोलायच्या आधी पोट बघायचं,’’ एवढेच ते म्हणाले. दुसऱ्याच्या कामाला नावे ठेवण्याची त्यांना सवय दिसली नाही.

पण बंदूक त्या कामाची साक्ष स्वतःच देत होती. अशा दुनळीच्या दस्त्यातून एक लांब पेच आरपार जातो आणि दोन्ही बाजूंची घोड्यांची यंत्रे त्यावर आवळलेली असतात. त्या पेचाच्या माथ्यावरची खाच चेंदाटून वाटीसारखी झाली होती. पेचकसाने जमेना तेव्हा छिन्नी लावून माथ्याच्या कडेवर घाव घातलेले दिसत होते. डाव्या घोड्याचा पेच तुटला होता. त्याचा अर्धा भाग आतच ठेवून, शेजारी वाकडे भोक पाडून, सायकलच्या दुकानातला कसलासा पेच त्यात जबरीने पिळून बसवला होता. चापाच्या कमानीचे लाकडात जाणारे पेच धरीनात म्हणून भोकांत आगपेटीच्या काड्या भरल्या होत्या. आणि ज्या लखलखीत नळ्या पाहून सगळे खूष झाले होते त्या एमरीच्या कागदाने घासल्या होत्या. दीडशे वर्षे जपलेला तपकिरी रंग त्यात गेला आणि परीक्षागृहाचे शिक्के पुसट झाले.

येथे पेचकसाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण आमच्या मते सगळ्या अनर्थाचे मूळ तेथे आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या पेचकसाचे पाते पाचरीसारखे निमुळते असते. उभ्या भिंतींच्या खाचेत अशी पाचर घातली तर ती तळाशी कोठेच टेकत नाही. खाचेच्या वरच्या दोन काठांनाच तिचा स्पर्श होतो. पेच घट्ट असेल आणि आपण जोर केला तर तो जोर पाचरीच्या उतारावरून वर सरकतो, पाते खाचेतून निसटते आणि निसटता निसटता काठ सोलून काढते. दुसऱ्या खेपेला धरावयास त्याहून कमी काठ उरतो. मनुष्य अधिक चिडतो, अधिक जोर करतो, आणि चार खेपांत खाचेची वाटी होते. जुन्या इंग्रजी बंदुकांच्या खाचा तर हाताने कापलेल्या, अतिशय अरुंद. त्यांत बाजारचे पाते मावतच नाही. म्हणून कारागीर पेचकस विकत आणून तसाच वापरत नाही. पात्याच्या दोन्ही बाजू तो समांतर घासतो. पाते खाचेइतके जाड, माथ्याच्या व्यासाइतके रुंद आणि खाचेच्या तळाशी टेकणारे करतो. चाचांच्या फळीवर असे साठ-सत्तर पेचकस होते. एकेक एकेका कामासाठी घासलेला. ‘‘पेच बदलता येत न्हाई, पेचकस बदलता येतो,’’ ते म्हणाले. ‘‘लोक उलटं करत्यात.’’

प्रथम त्यांनी चेंदाटलेल्या माथ्यावर एका गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने अगदी हलके ठोके दिले. खाचेतून बाहेर ढकलले गेलेले लोखंड कोठे नाहीसे झालेले नसते. ते काठावर गोळा झालेले असते. ते ठोकून ठोकून पुन्हा खाचेकडे सारता येते. मग सुरीसारख्या पातळ कानशीने त्यांनी खाच नव्याने साफ केली आणि तिच्या मापाचे पाते घासावयास घेतले. त्यानंतर पेचाच्या माथ्याभोवती पातळ तेलाचा एक थेंब सोडला आणि आम्हांला सांगितले, ‘‘आता तीन दिवस ह्याला कोण हात लावायचा न्हाई.’’

तेल मुरेपर्यंतच्या या तीन दिवसांत पेच या वस्तूच्या इतिहासाकडे आमचे लक्ष गेले, आणि एक हकीकत तर गोव्याच्या वाचकांना विशेष रुचावी अशी आहे. १५४३ साली जपानच्या दक्षिणेकडील तानेगाशिमा बेटाला एक चिनी जहाज लागले. त्यात पोर्तुगीज होते आणि त्यांच्यापाशी तोड्याच्या बंदुका होत्या. बेटाचा तरुण अधिपती तोकिताका याने त्यांतील दोन विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला तशाच घडवावयास सांगितले. जपानी लोहारांचे तलवारीचे काम जगात नावाजलेले; नळी त्यांनी घडवली. अडले ते एकाच ठिकाणी. नळीचे मागचे तोंड बंद करण्यासाठी आतून आटे पाडून त्यांत पेच बसवावा लागतो, आणि ती विद्या त्या लोहारांना ठाऊक नव्हती. पुढच्या वर्षी दुसऱ्या जहाजातून आलेल्या एका परदेशी कारागिराने ती शिकवली तेव्हा काम पुरे झाले. ‘तेप्पोकी’ या १६०६ साली लिहिलेल्या जपानी बखरीत ही हकीकत आहे. बेटावरची लोककथा तर सांगते की, त्या एका पेचाच्या विद्येसाठी लोहार यैता किन्बेई याने आपली मुलगी वाकासा त्या परदेशियाला दिली.

पोर्तुगिजांनी गोवा घेतला तो १५१० मध्ये. पुढे तीनच वर्षांनी अल्बुकर्कने आपल्या राजाला लिहिताना गोव्याच्या बंदूक घडवणाऱ्यांची वाखाणणी केली होती. जपानात गेलेल्या बंदुकांची घडणही पोर्तुगिजांच्या आशियातील ठाण्यांतली, गोव्याच्या वळणाची असावी, असे काही अभ्यासक मानतात. आपल्या भाषेतले ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे शब्द पोर्तुगिजांच्याच संगतीने आले. ज्या पेचावाचून निष्णात लोहारांचे हात अडले, तो आज आपण पैशापासरी विकत घेतो आणि छिन्नीने फोडतो. पण त्याची किंमत कधी काळी कोणी काय लावली होती हे कळल्यावर चाचांच्या तीन दिवसांचा आम्हांला कंटाळा आला नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी कथील लावण्याची तापती डागणी पेचाच्या माथ्यावर दोन-तीन मिनिटे टेकवून धरली. लोखंड तापले की फुगते, निवले की आवळते. तेवढ्याने आट्यांत धरलेला गंज तडकतो. मानकऱ्यांनी विचारले, ‘‘चाचा, दिव्याची ज्योतच का लावीत नाही? लवकर होईल.’’ चाचांनी मान हलवली. उघड्या ज्योतीने शेजारच्या कमानीचे पाणी उतरते, मग ती कमान म्हणजे नुसती पट्टी; शिवाय दुनळीच्या दोन नळ्या एकमेकींशी कथलाने जोडलेल्या असतात, तो सांधा सुटला तर बंदूकच गेली. त्यानंतर बंदूक लाकडी ठोकळ्यांत आवळून त्यांनी भोके पाडण्याच्या उभ्या यंत्राखाली आणली. यंत्राची वीज बंद होती. त्याच्या दांड्याने पेचकस वरून खाचेत दाबून धरला, म्हणजे पात्याला वर सरकावयास जागाच उरली नाही, आणि पान्ह्याने पेचकस वळवला. प्रथम सोडवण्याच्या नव्हे, आवळण्याच्या बाजूला, अगदी केसभर. मग उलट. कुर्र असा बारीक आवाज झाला. चाचांनी पान्हा ठेवून दिला आणि आणखी एक थेंब तेल सोडले. अर्ध्या तासाने तो लांब पेच अखंड बाहेर आला. बळ म्हणून त्यात कोठे दिसलेच नाही.

तुटलेल्या पेचाचे काम याहून अवघड. अशा वेळी बाजारात उलट्या आट्यांचे काढणे मिळते. तुटक्या पेचात भोक पाडून ते पिळावयाचे, म्हणजे पेच त्याच्याबरोबर बाहेर येतो असे म्हणतात. चाचांना ते आवडत नाही. ते इतक्या कडक पोलादाचे असते की आत तुटले तर त्यात भोकही पाडता येत नाही. एक पेच सोडवावयास जावे आणि त्याच्या पोटात दुसरा घालून बसावे. त्यांनी तुकड्याच्या बरोबर मध्यावर टोचा दिला आणि डाव्या अंगाने फिरणारे गिरमिट लावले. गिरमिट आत शिरता शिरता तुकड्याला धरते, आणि ते फिरते ते पेच सुटण्याच्याच दिशेने. तुकडा त्याच्यासकट फिरत वर आला. वाकडे पाडलेले भोक मात्र भरून काढून नव्याने पाडावे लागले.

नवा पेच त्यांनी घडवला, विकत आणला नाही. तो बाजारात मिळतच नाही. व्हिटवर्थने आट्यांचे एक माप सर्वांनी धरावे अशी सूचना मांडली ती १८४१ साली. त्याआधी ज्या त्या कारखान्याचे आटे निराळे असत, आणि बंदुकवाल्यांनी तर आपली मापे पुढेही पुष्कळ वर्षे सोडली नाहीत. सायकलचा पेच जबरीने बसवल्यावर आतले आटे का मेले, हे यावरून ध्यानात येईल. नव्या पेचाच्या माथ्यावर चाचांनी आधी खाच पाडलीच नाही. तो पुरा आवळला, नळीच्या रेषेत माथ्यावर एक ओरखडा काढला, पेच बाहेर घेतला आणि त्या ओरखड्यावर खाच कापली. म्हणून तो परत बसवला तेव्हा त्याची खाच नळीला अगदी समांतर राहिली. उत्तम इंग्रजी बंदुकांच्या सगळ्या खाचा अशा एका रेषेत असतात. त्यात शोभा आहेच. पण पेच ढिला पडू लागला तर खाच रेषेतून हलते आणि पाहणाऱ्याला तत्काळ कळते, हा त्यातला उपयोग.

काम संपले असे आम्हांला वाटले. चाचांनी मात्र दोन्ही बोंड्या काढून आतले आटे दाखवले. डाव्या बाजूचे आटे गंजाने खाल्ले होते. बार झाला तर बोंडी उलटी सुटून उडवणाराच्या तोंडावर यावयाची. नळीत दिवा धरून त्यांनी तळाशी पडलेले खड्डे दाखवले. वरून एमरीने, आतून गंजाने, नळीची भिंत दोन्हींकडून पातळ झाली होती. बर्मिंगहॅमचा शिक्का ज्या नळीवर मारला होता ती ही नव्हेच.

‘‘पेच मी दुरुस्त केले. नळी माझ्यानं हुत न्हाई, आन् दुसऱ्या कुणाच्यानंबी हुणार न्हाई. कुणी हुईल म्हनला तर त्याच्याकडं जाऊ नका. हिच्यात परत दारू घालायची न्हाई.’’

मानकरी काकुळतीला आले. घराण्याचा मान त्यांच्या हातून जाणार होता. ते म्हणाले, ‘‘चाचा, बार निघायचाच नाही, तर मग एवढे पेच तरी कशाला बसवलेत?’’

‘‘देवापुढं मांडता न्हवं?’’ चाचा म्हणाले. ‘‘मोडकं मांडू नये.’’

देवस्थानाच्या बैठकीत हा निरोप सांगितला तेव्हा खरा पेच पडला. पिढ्यानपिढ्या चालत आलेले बार बंद करावयाचे म्हणजे काही अरिष्ट तर येणार नाही, असे वृद्धांना वाटले. दोघा-तिघांनी सुचवले की, म्हातारा भितो. शहरात दुसरे कारागीर आहेत, पैसे टाकले तर कोणीही करून देईल. त्यांत दुष्ट कोणी नव्हता. उत्सव उणा पडू नये एवढीच त्यांची इच्छा. तेव्हा आमचे पुजारीबुवा, जे बैठकीत सहसा बोलत नाहीत, ते म्हणाले, ‘‘पूजा आयुधाची सांगितली आहे, आवाजाची नव्हे. वेशीवर नगारा वाजवा आणि शिंग फुंका. आणि मान ज्यांचा आहे त्यांच्याच हाती पहिली टिपरी द्या.’’ मानकऱ्यांनी ते ऐकून पागोटे सारखे केले आणि होकार दिला. २०१८ च्या दसऱ्यापासून तसे चालू आहे. अरिष्ट काही आले नाही. पुढच्याच वर्षी शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. समारंभात, मिरवणुकीत, धार्मिक स्थळी हौसेने बार काढून लोकांच्या जिवाला धोका आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद तीत आहे. आमच्या वेशीवरचा निर्णय कायद्याच्या आधी झाला, याचे आम्हांला समाधान आहे.

या प्रकरणात त्या बाजारगावच्या दुरुस्तीवाल्याला दोष देणे सोपे आहे. पण विचार करता आम्हांला वाटते की, त्याला घडवण्यात गिऱ्हाइकाचाही हात असतो. ‘होईल की, परवा घेऊन जावा’ म्हणणारा आपल्याला आवडतो. ‘तीन दिवस हात लावू नका’ म्हणणारा आळशी वाटतो. आणि ‘हे होणार नाही’ म्हणणाऱ्याकडे आपण पुन्हा फिरकत नाही. ज्याला नकार देण्याची मुभाच उरली नाही, तो छिन्नी उचलणार नाही तर काय करील?

बंदुका आता थोड्याच देवस्थानांत असतील. पण ही गोष्ट बंदुकीपुरती नाही. गोव्यात आणि कोकणात कित्येक जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचे काम असे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबडी काव चढवून ती कोरून काढीत आणि खालच्या पांढऱ्यातून वेलबुट्ट्या, देवादिक उमटवीत. त्यांतले पुष्कळसे जीर्णोद्धाराच्या उत्साहात तैलरंगाखाली किंवा चकचकीत फरश्यांमागे गेले. दगडी खांबांना रंग फासला म्हणजे ते नवे दिसतात; त्याखाली दगडाच्या अंगातला ओलावा कोंडतो आणि पापुद्रे सुटतात. समया घासून घासून त्यांवरची नक्षी सपाट झालेली आपण सर्वांनी पाहिली आहे. एमरीने लखलखीत केलेली नळी आणि ही समया यांत आम्हांला काही अंतर दिसत नाही. दोहींकडे हेतू चांगला, भक्ती खरी, आणि हातात अवजार मात्र चुकीचे.

म्हणून देवस्थानाच्या मंडळींना आमचे एवढेच सांगणे आहे. जुनी वस्तू कोणाच्या हाती देण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारावेत. सुरुवात कशाने करणार? काय करणार नाही? आणि कोठे थांबणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांपाशी असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याने दिवस अधिक मागितले तर द्यावेत, पैसे अधिक मागितले तरी द्यावेत. आणि त्याने नाही म्हटले तर त्याचा शब्द मानावा.

चाचांनी बंदुकीबरोबर एक लहानसा पेचकस आम्हांला दिला. त्या एका लांब पेचाच्या मापाने घासलेला, मूठ शिसवीची. त्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुढे कधी पेच ढिला झालाच तर दुसरे पाते लावू नये, म्हणून तो दिला. खंडेनवमीला आता तो बंदुकीच्या शेजारी पाटावर असतो, आणि पुजारीबुवा हळदकुंकू प्रथम त्याला लावतात.